फेकलेल्या प्लेटची नोंद : चोपडा तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचा पीएच.डी. प्रवेश

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. हे प्रकरण माझ्याच एका विद्यार्थिनीचं आहे आणि तिच्या परवानगीनं लिहितो आहे. तिचं नाव, गाव, कॉलेज आणि संस्था गाळल्या आहेत, ओळख पटेल असे दोन-तीन तपशील बदलले आहेत. घरात ती थोरली, म्हणून इथेही तिला थोरलीच म्हणतो. दरवर्षी एम.एस्सी.चा निकाल लागला की सात-आठ मुलं माझ्याकडे येतात आणि विचारतात, ‘सर, पीएच.डी.ला कसं लागायचं?’ त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. त्यांच्या शिक्षकांसाठीही.

पार्श्वभूमी

घर सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा तालुक्यात. सहा एकर शेती, त्यात केळी आणि कापूस. वडील, म्हणजे आप्पा, दहावीपर्यंत शिकलेले, धाकटा भाऊ आयटीआयला. बारावीनंतर मेडिकलचे गुण हुकले म्हणून थोरली बी.एस्सी.ला आली. तिथे सूक्ष्मजीवशास्त्र आवडलं आणि 2023 साली एम.एस्सी. झाली. दोन्ही वर्षं रोज एसटीनं येणंजाणं.

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी तिनं घरच्याच केळीच्या बुंध्याजवळची माती आणली. त्यातून जिवाणू वेगळे करायचे आणि मर रोगाच्या बुरशीला, म्हणजे फ्युजॅरियमला, त्यांपैकी कोण अडवतो ते पाहायचं, असं काम. प्लेटच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या चपट्या बशीच्या, एका बाजूला बुरशीचा तुकडा, समोर जिवाणूची रेघ, सात दिवसांनी बुरशीची वाढ मोजायची आणि जिवाणू नसलेल्या प्लेटशी ताडून किती टक्के घट झाली ते काढायचं. साधी पद्धत, पण आमच्या प्रयोगशाळेत जमण्यासारखी.

या कामातला एक दिवस पुढे महत्त्वाचा ठरला. प्लेटमधलं माध्यम घट्ट करणाऱ्या अगारची बरणी संपत आली होती आणि नव्या मागणीचा कागद कार्यालयात पडून होता. थोरलीनं लिटरला 15 ग्रॅमऐवजी 7 ग्रॅम अगार घालून प्लेट ओतल्या. दुसऱ्या दिवशी एका जिवाणूची कॉलनी (वाढीचा पुंजका) जागच्या जागी न राहता पातळ पडद्यासारखी अख्ख्या प्लेटभर पसरलेली. वहीत तिनं लिहिलं : ‘अगार कमी. कॉलनी पूर्ण पसरली. दूषित. प्लेट फेकली.’ खाली माझी सही आहे.

अडचण

आमच्या भागात ‘पीएच.डी. करायची’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘नेट निघाली का?’, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा पास झालीस का. संशोधन कशावर करायचं, कोणाच्या हाताखाली, हे कोणी विचारत नाही. थोरलीनंही ते स्वतःला विचारलं नव्हतं, आणि मीही तिला विचारलं नव्हतं. तिच्यापुढे पाच-सहा वाटा होत्या, प्रत्येकीच्या तारखा, फॉर्म आणि शुल्क वेगळं, आणि घरातून मिळालेली मुदत एका वर्षाची. आप्पांनी बोलून दाखवलं नव्हतं, पण स्थळं यायला लागली होती.

समोरचे पर्याय

सगळ्यात जवळचं म्हणजे आपलं विद्यापीठ. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव 2018 मध्ये मिळालं तरी सगळे अजून उमविच (उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) म्हणतात. तिथली ‘पेट’, म्हणजे पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा, द्यायची, मार्गदर्शकाकडे जागा असेल तर नोंदणी करायची. घराजवळ राहता येतं, खर्च कमी. पण नोंदणी झाली म्हणून विद्यावेतन सुरू होत नाही. महाज्योती, सारथी, बार्टी या राज्य सरकारच्या संस्थांची अधिछात्रवृत्ती (संशोधनासाठीचं विद्यावेतन) प्रवर्गानुसार मिळू शकते, ती मात्र नोंदणीनंतर वेगळा अर्ज करून आणि निवड झाली तरच. पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं. तेवढा काळ पैशाशिवाय काढणं या घराला शक्य नव्हतं.

दुसरी वाट सीएसआयआर-यूजीसी नेटची, म्हणजे विज्ञान विषयांच्या नेटची. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळाली तर महिना 37,000 रुपये, आणि ती घेऊन कुठल्याही मान्य संस्थेत जाता येतं. थोरलीच्या आजीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘शिकाना बी पैसा भेटस?’ बी.एस्सी.च्या पोरांनाही हे माहीत नसतं, तेव्हा आजीचं नवल नाही.

तिसरी वाट संशोधन संस्थांची : पुण्यातलं आयसर, एनसीसीएस, आघारकर, मुंबईचं टीआयएफआर, बंगळूरचं एनसीबीएस. जीवशास्त्रासाठी ‘जेजीबिल्स’ ही संयुक्त परीक्षा डिसेंबरच्या सुमारास असते. त्यात पाठांतराचं फार चालत नाही, समोर आकडे आणि आलेख ठेवून ‘यातून काय म्हणता येईल’ असं विचारतात. गेट या राष्ट्रीय परीक्षेचा जीवविज्ञानाचा पेपरही होता, पण त्यात रसायनशास्त्र सक्तीचं, 25 गुणांचं, आणि थोरलीचं ते कच्चं. परदेशाचा विचार एक संध्याकाळ झाला. इंग्रजीच्या परीक्षेचं शुल्क पाहून तो पुढे ढकलला. आणि अंकलेश्वर-वापीकडची औषध कंपनीतली नोकरी हा पर्याय कायम होताच. आमची निम्मी मुलं तिकडेच जातात आणि चांगली कमावतात. त्यात कमीपणा काही नाही. तिला मात्र ते नको होतं.

मी सल्ला दिला : ‘सगळीकडे भर, कुठेतरी लागेल.’ हा सल्ला चुकीचा होता. तीन महिन्यांत पाच अर्ज गेले. प्रत्येकासाठी अभ्यासाची दिशा वेगळी, त्यामुळे कशाचाच अभ्यास धड झाला नाही.

पहिली फेरी

डिसेंबर 2023 मध्ये तिनं जेजीबिल्स दिली आणि महिनाअखेरीस नेट. दोन्ही गेल्या. नेटचं गणित आम्ही उत्तरतालिका आल्यावर मांडलं, ते इथे देतो. जीवविज्ञानाच्या पेपरात क भागात 75 प्रश्नांपैकी 25 सोडवायचे, प्रत्येकी 4 गुण, चुकलं तर 1 गुण जातो. थोरलीनं 25 पूर्ण केले, कारण कॉलेजात आम्ही ‘पेपर कोरा ठेवू नका’ असं वर्षानुवर्षं सांगतो. त्यांतले 8 बरोबर आले, 17 चुकले. 32 मिळाले, 17 गेले, हाती राहिले 15. त्या 17 पैकी निदान 10 निव्वळ अंदाजानं टिकवले होते.

मे 2024 मध्ये एका संस्थेची स्वतःची लेखी परीक्षा ती पास झाली आणि मुलाखतीला पोचली. अर्जासोबत उद्देशपत्र, म्हणजे संशोधन कशावर आणि का करायचं ते लिहून, द्यायचं होतं. तिनं लिहिलं होतं की लहानपणापासून कर्करोगावर संशोधन करण्याची इच्छा आहे. तिच्या दोन वर्षांच्या कामात कर्करोगाचा संबंध कुठेच नव्हता. मी ते वाचलं होतं, इंग्रजीच्या चुका दुरुस्त केल्या होत्या आणि ‘छान आहे’ म्हणालो होतो.

मुलाखत पंधरा मिनिटं चालली. कर्करोगावर एक प्रश्न झाला, मग मंडळ प्रबंधाकडे वळलं. ‘प्रत्येक प्रयोग किती वेळा केला?’ तिनं सांगितलं, तीनदा. ‘म्हणजे तीन वेगवेगळ्या दिवशी, नव्यानं वाढवलेला जिवाणू घेऊन? की एकाच नळीतून तीन प्लेट?’ एकाच नळीतून तीन प्लेट होत्या. तीन प्लेटवरून हाताची सफाई कळते. दुसऱ्या दिवशी, नव्या वाढीतूनही तेच घडेल का, ते त्यातून कळत नाही. पुढचा प्रश्न जिवाणूच्या ओळखीवर. जिवाणू ओळखायला वापरतात त्या 16 एस जनुकाचा क्रम तिनं बाहेरून काढून आणला होता. कुठले प्रायमर (जनुकाची टोकं पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) वापरले, साधारण किती लांबीचा तुकडा मिळाला? उत्तर होतं : 27 एफ, 1492 आर, सुमारे दीड हजार बेस (डीएनएची अक्षरं). हे तिच्या अहवालाच्या शेवटच्या पानावर छापलेलं होतं, पण तिनं ते पान कधी वाचलं नव्हतं. शेवटी एका बाईंनी विचारलं, ‘या कामात तुला न समजलेलं असं काही दिसलं का?’ ती म्हणाली, ‘नाही मॅडम, सगळे निकाल व्यवस्थित आले.’

निवड झाली नाही. रात्रीच्या गाडीनं ती परत आली आणि दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे बसून एकेक प्रश्न सांगितला. ते ऐकताना मला कळत होतं की यांतला एकही प्रश्न मी दोन वर्षांत तिला विचारलेला नाही.

निर्णयाची जागा

आता घरात दोन मतं पडली. काकांचं म्हणणं, एक वर्ष दिलं, पुरे झालं. आप्पा गप्प. आजी म्हणाली, ‘पोर शिकी ऱ्हायनी ना, मंग शिकू द्या.’ त्या घरात आजीचा शब्द चालतो, म्हणून आणखी एक वर्ष मिळालं.

ते वर्ष कशात घालवायचं? एक पर्याय पुण्यात खोली घेऊन नेटचा क्लास लावायचा. खर्च कर्ज काढूनच झाला असता. दुसरा, घरी बसून अभ्यास. तिसरा, एखाद्या संशोधन प्रकल्पात सहायक म्हणून लागायचं : पैसे जेआरएफपेक्षा कमी, अभ्यासाला वेळ तुटपुंजा, पण हातानं काम करायला मिळणार. माझा कल क्लासकडे होता. थोरलीनं प्रकल्प निवडला. तिचं कारण सरळ होतं : ‘सर, मला मुलाखतीत जे विचारलं ते क्लासमध्ये शिकवत नाहीत.’

आधीच्या हिवाळ्यात तिनं 64 प्राध्यापकांना एकच ई-मेल पाठवला होता. ‘आदरणीय सर/मॅडम, मला आपल्या प्रतिष्ठित संस्थेत संशोधन करण्याची तीव्र इच्छा आहे’ अशी सुरुवात, खाली गुणांचा तक्ता. उत्तरं आली दोन, दोन्ही नकाराची. या वेळी आम्ही नऊच नावं काढली. प्रत्येकाचे अलीकडचे दोन-दोन शोधनिबंध तिनं वाचले, न कळलेलं लिहून ठेवलं. ई-मेल दहा-बारा ओळींचा : मी कोण, माझ्या हातांना काय येतं, काय येत नाही, तुमच्या अमुक निबंधातल्या या आकृतीबद्दल हा प्रश्न, प्रकल्पात जागा आहे का. नऊपैकी चार जणांनी उत्तर दिलं. एका प्राध्यापिकेनं व्हिडिओ कॉलवर वीस मिनिटं बोलून घेतलं आणि जूनमध्ये रुजू व्हायला सांगितलं. ती प्रयोगशाळा वनस्पतींच्या मुळांवर राहणाऱ्या जिवाणूंची होती.

त्या प्रयोगशाळेकडून मला शिफारसपत्र मागितलं गेलं. माझ्याकडे एक ठरलेला मसुदा आहे, ‘होतकरू, प्रामाणिक, कष्टाळू’, तोच मी गेली कित्येक वर्षं नाव बदलून देत आलो. या वेळी तो बाजूला ठेवला. ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबानं निर्जंतुक करायचं यंत्र) मध्येच बंद पडलेला असताना थोरलीनं कोणाला न सांगता चाळीस प्लेट टाकून दिल्या आणि घरी फोन करून, मुक्काम करून, पुन्हा ओतल्या. ते मी पाहिलं होतं. ते लिहिलं. संख्याशास्त्रात ती कमकुवत आहे हेही लिहिलं. त्या प्राध्यापिका बाईंनी नंतर कळवलं की कमकुवत बाजू वाचूनच त्यांचा बाकीच्या पत्रावर विश्वास बसला.

आणखी एक गोष्ट याच काळातली. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी तिच्या नावावर एक ‘पेपर’ छापून आला होता, पैसे भरून, आठवड्याभरात, कोणी न तपासता. आमच्याकडे हे सर्रास चालतं आणि मुलांना त्यात गैर काय ते सांगणारं कोणी नसतं. तो बायोडेटात ठेवायचा का? ठेवला तर जाणकार पाहताक्षणी ओळखतील, काढला तर लपवल्यासारखं होईल. शेवटी प्रकाशनांच्या यादीतून काढला आणि विचारलं तर खरं सांगायचं असं ठरलं. त्या बाईंना तिनं पहिल्याच आठवड्यात आपणहून सांगितलं.

दुसरी फेरी

जून 2024 ची नेट ऐन वेळी पुढे गेली आणि 25 ते 27 जुलैला झाली. थोरली तोवर प्रयोगशाळेत रुळली होती आणि अभ्यास पहाटेचाच होत होता. क भागात तिनं 16 च प्रश्न सोडवले : 12 बरोबर, 4 चूक. 48 मधून 4 गेले, 44 राहिले. जेआरएफ तरीही मिळाली नाही. त्या सत्रापासून निकालाचे तीन गट झाले होते : जेआरएफ, सहायक प्राध्यापक व पीएच.डी., आणि फक्त पीएच.डी. ती तिसऱ्या गटात आली. या गुणांवर विद्यापीठात प्रवेश घेता येतो, त्यात नेटच्या गुणांना 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के वजन असतं, पण ते गुण एकच वर्ष चालतात आणि सोबत पैसे येत नाहीत.

म्हणजे पुन्हा निर्णय. उमवित लगेच नोंदणी करायची, की स्वतःचं विद्यावेतन देणाऱ्या संस्थांच्या जाहिरातींची वाट पाहायची? तिनं डिसेंबरपर्यंत थांबायचं ठरवलं, तोवर काही नाही झालं तर जळगाव. अशी शेवटची तारीख आधीच ठरवली, त्यामुळे ते महिने धास्तीत गेले नाहीत.

प्रयोगशाळेत एक दिवस शेजारच्या मुलाच्या प्लेटवर तिला तो पडदा पुन्हा दिसला. मुलगा तो मुद्दाम घडवत होता. बॅसिलस सबटिलिससारखे जिवाणू मऊ पृष्ठभागावर, म्हणजे अगार साधारण अर्धा ते पाऊण टक्का असताना, कशाभिकांच्या (शेपटीसारख्या धाग्यांच्या) जोरावर झुंडीनं सरकतात. स्वतःच स्रवलेला सर्फॅक्टिन नावाचा साबणासारखा पदार्थ त्यांना घसरायला मदत करतो. नेहमीच्या दीड टक्का अगारवर ते सहसा दिसत नाही. वर्षानुवर्षं प्रयोगशाळेतच वाढवलेल्या काही वाणांनी तर ही क्षमताच गमावलेली आहे, मातीतून नव्यानं काढलेल्यांमध्ये ती असते. लिटरला 7 ग्रॅम म्हणजे 0.7 टक्के. संध्याकाळी तिचा फोन आला. ‘सर, माझी वही काढा. ती प्लेट दूषित नव्हती.’

नवं उद्देशपत्र या प्लेटपासून सुरू झालं. अगार का कमी पडलं, काय दिसलं, मी काय समजले, ते का चुकीचं होतं, आणि आता काय विचारायचं आहे : मुळाच्या पृष्ठभागावर हा जिवाणू सरकायचं थांबवून चिकट थर कधी बांधायला लागतो? केळीचा उल्लेख एका ओळीत. मला वाटत होतं की केळीवरच भर द्यावा, शेतकऱ्याची मुलगी, शोभून दिसेल. ती म्हणाली, ‘मला केळी नाही सर, जिवाणू आवडतात.’ तिचं बरोबर होतं. खेड्यातल्या मुलीनं गावच्याच पिकावर संशोधन करावं ही अपेक्षाही तिला बांधून घालणारीच.

डिसेंबरमध्ये विद्यावेतन देणाऱ्या एका संस्थेच्या मुलाखतीच्या आधी कागदपत्रं अडली. ओबीसीचं नॉन-क्रिमिलेअर तिच्याकडे होतं, पण राज्याच्या नमुन्यातलं. केंद्राच्या संस्थेला केंद्राचा नमुना हवा, आणि चालू आर्थिक वर्षातला. तहसीलला वेगळा अर्ज करून, ‘केंद्राचा नमुना’ असं स्पष्ट सांगून तो घ्यावा लागतो. आप्पांनी चार हेलपाटे मारले. मुलाखतीच्या आदल्या दिवशी भाऊ तो कागद घेऊन पुण्याला पोचला.

मुलाखत चाळीस मिनिटं चालली. या वेळी तिच्या वहीचं छायाचित्र मंडळानं हातोहात फिरवून पाहिलं. ‘तेव्हा नियंत्रण (तुलनेची प्लेट) म्हणून काय ठेवलं असतंस?’ यावर तिनं फळ्यावर प्रयोग मांडला : एकाच दिवशी एकाच बाटलीतलं माध्यम, 0.7 आणि 1.5 टक्के अगार, तीन वेगळ्या वाढी, आणि कशाभिका नसलेला वाण तुलनेला. एक प्रश्न तिला आला नाही. तिनं तसं सांगितलं.

निष्पत्ती

जानेवारी 2025 मध्ये थोरली पुण्यातल्या एका संस्थेत पीएच.डी.साठी रुजू झाली, संस्थेच्या विद्यावेतनावर. पहिला हप्ता साडेतीन महिन्यांनी आला. तोवर भावानं पैसे पाठवले, ते तिनं आता फेडले आहेत. मार्गदर्शक निवडण्याआधी ती त्यांच्या तीन विद्यार्थ्यांशी कॅन्टीनमध्ये बोलली : किती वर्षांत पदवी मिळते, सुट्टी मागितली तर काय होतं, निबंधावर पहिलं नाव कोणाचं लागतं. ज्यांचं नाव मोठं होतं त्यांच्याकडे ती गेली नाही.

काय वेगळं करता आलं असतं

प्रकल्पात लागणं थोरलीला फळलं, म्हणून ते सगळ्यांना फळेल असं मी म्हणणार नाही. माझा आणखी एक विद्यार्थी त्याच वाटेनं गेला आणि दोन वर्षं निव्वळ नमुने मोजत राहिला. ना परीक्षेला रजा, ना कामाचं श्रेय. रुजू होण्याआधीच रजेचं आणि श्रेयाचं बोलून घ्यायला हवं होतं. थोरलीनं बोलून घेतलं होतं, ते तिला मी शिकवलेलं नव्हतं.

पहिल्या वर्षी पाचऐवजी दोनच परीक्षा धरल्या असत्या तर जेजीबिल्सच्या पद्धतीचा सराव तरी झाला असता. जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर दोन्ही नमुन्यांत एप्रिल उजाडताच काढायला हवेत. आता दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला मी मार्चमध्येच याची आठवण करून देतो. आणि प्रबंध बांधायच्या आधी मी दर मुलाची तोंडी घेतो, त्यात पहिला प्रश्न असतो की यातलं तुला काय समजलं नाही. ‘सगळं व्यवस्थित आलं’ म्हणणाऱ्याला वही घेऊन परत बसवतो.

एक नुकसान मात्र भरून निघालं नाही. तो जिवाणू आता आमच्याकडे नाही. ग्लिसरॉलमध्ये गोठवून ठेवायची सोय नव्हती आणि नळीतला वाण उन्हाळ्यात फ्रीज बंद पडला तेव्हा गेला. 2025 च्या दिवाळीला थोरली घरी आली तेव्हा निर्जंतुक पिशव्या घेऊन त्याच वावरात, विहिरीकडच्या तिसऱ्या ओळीत गेली आणि बुंध्याजवळची माती भरून नेली. आतापर्यंत 22 वाण निघाले आहेत. 0.7 टक्के अगारवर त्यांतले तीन पसरतात. तिचा जुना त्यांत आहे की नाही, ते कळायला क्रम जुळवून पाहावा लागेल. जुन्या क्रमाचं ते न वाचलेलं पान मी तिला गेल्या आठवड्यात पाठवलं.